‘ओझोनस्नेही’ म्हणजे नेमके किती स्नेही?

दरवर्षी १६ सप्टेंबरला शाळाशाळांमधून ओझोन दिन साजरा होतो. फळ्यावर पृथ्वी काढली जाते, तिच्यावर छत्रीसारखा ओझोनचा थर, त्याला पडलेले भोक, आणि खाली गुन्हेगार म्हणून एक फ्रीज व एक फवाऱ्याचा डबा. भाषणाच्या शेवटी एक ठराविक वाक्य येते : ‘सीएफसी या घातक रसायनांवर जगाने बंदी घातली असून आता त्यांना सुरक्षित पर्याय मिळाले आहेत.’ टाळ्या होतात आणि मुले वर्गात जातात.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि अभिमानाने सांगावा असाही आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेला मॉन्ट्रियल करार पुढे जगातल्या सर्व देशांनी स्वीकारला. संयुक्त राष्ट्रांच्या आधिपत्याखाली २०२२ साली झालेल्या शास्त्रीय आढाव्यानुसार, सध्याची धोरणे पाळली गेली तर जगाच्या बहुतेक भागांवरचा ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. उत्तर ध्रुवाकडे त्याला २०४५ उजाडेल आणि अंटार्क्टिकावर २०६६. पर्यावरणाच्या क्षेत्रात इतके धडधडीत यश दुसरे दाखवता येणार नाही.

आमची तक्रार आहे ती वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल. ‘सुरक्षित पर्याय’ या दोन शब्दांनी विद्यार्थ्याचे प्रश्न जिथे सुरू व्हायला हवेत तिथेच थांबतात. सुरक्षित कशापासून? कोणासाठी? किती वर्षे? आणि पर्याय म्हणजे त्याच जागी बसणारे दुसरे रसायन, की ते काम करण्याची वेगळी रीत? फ्रीजच्या दारावर ‘ओझोनस्नेही’ असा हिरवा शिक्का असतो, त्याचीही या लेखात थोडी उलटतपासणी करू.

सीएफसी हाच एक ‘सुरक्षित पर्याय’ होता

गोष्ट १९२८ पासून सुरू करायला हवी. त्या काळच्या फ्रीजमध्ये शीतक म्हणून अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरीत. हे तिन्ही वायू विषारी. नळीला भोक पडले की घरातली माणसे गुदमरत आणि काही वेळा मरतही. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीचा फ्रीजचा धंदा होता. तिथल्या थॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाकडे आणि त्याच्या सहकाऱ्यांकडे बिनविषारी, न पेटणारा शीतक शोधण्याचे काम आले. त्यांनी सीएफसी-१२ पुढे आणले. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने हा वायू छातीत भरून घेतला आणि हळूहळू सोडत एक मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच फुंकरीत सिद्ध झाल्या.

हे प्रात्यक्षिक खोटे नव्हते. त्या काळी विचारलेल्या दोन प्रश्नांना सीएफसीने दिलेली उत्तरे आजही बरोबर आहेत. खोली हीच चाचणीची मर्यादा होती. खोलीबाहेर गेल्यावर या वायूचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो प्रश्न पडायला चाळीस वर्षे लागली. जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ च्या सागरी प्रवासात अटलांटिकवरच्या हवेत सीएफसी मोजला. हा वायू हवेतून नाहीसा होत नाही, साठत जातो, हे त्यातून दिसले. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी त्याचा पुढचा प्रवास मांडला. खालच्या वातावरणात सीएफसी कशाशीच संयोग पावत नाही. वर स्थितांबरात गेल्यावर अतिनील किरण त्याला फोडतात आणि सुटलेला क्लोरीनचा अणू ओझोनचे रेणू मोडत सुटतो. मोडण्याच्या या क्रियेत तो स्वतः संपत नाही, त्यामुळे एक अणू बाद होण्याआधी हजारो रेणू मोडू शकतो. १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरची मोठी घट जाहीर केली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

वर्गात ठसवण्याजोगा मुद्दा असा, की ज्या गुणामुळे सीएफसी घरात सुरक्षित ठरला, त्याच गुणामुळे तो आकाशात घातक ठरला. तो गुण म्हणजे त्याचा निष्क्रियपणा. तो वाटेत कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून तर वर पोचतो. तेव्हा ‘सुरक्षित’ हा पदार्थाचा अंगभूत गुण मानता येत नाही. आपण कोणता प्रश्न विचारला, यावर तो अवलंबून असतो.

नव्वद मिळवा आणि रेणू ओळखा

पुढच्या पिढ्यांचे पर्याय समजून घ्यायला एक सोपी युक्ती आहे. नववी-दहावीच्या वर्गात ती हमखास रंगते. शीतकाच्या नावातल्या आकड्यात ९० मिळवायचे. उत्तरातले तीन अंक अनुक्रमे कार्बन, हायड्रोजन आणि फ्लोरीन यांच्या अणूंची संख्या सांगतात. कार्बनचे जे हात रिकामे राहतील, ते क्लोरीनने धरलेले असतात.

सीएफसी-१२ घ्या. १२ अधिक ९० म्हणजे १०२. कार्बन एक, हायड्रोजन शून्य, फ्लोरीन दोन. कार्बनचे हात चार, त्यातले दोन उरले, म्हणजे क्लोरीन दोन. आता एचसीएफसी-२२ : बेरीज ११२. कार्बन एक, हायड्रोजन एक, फ्लोरीन दोन. उरला एक हात, म्हणून क्लोरीन एक. एचएफसी-१३४ए ची बेरीज २२४. दोन कार्बन एकमेकांना धरून बसले की सहा हात मोकळे राहतात. त्यात हायड्रोजन दोन आणि फ्लोरीन चार बसले, क्लोरीनला जागाच उरली नाही. (शेवटचा ‘ए’ अणूंची मांडणी सांगतो.) आर-२९० हा आणखी एक शीतक. बेरीज ३८० : कार्बन तीन, हायड्रोजन आठ, फ्लोरीन शून्य. मुले ओरडून सांगतात की हा तर प्रोपेन!

याला अपवाद आहेत. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, त्याला हा नियम लागत नाही. सातशेच्या घरातल्या आकड्यांतून ७०० वजा केले की रेणुभार मिळतो. ७१७ म्हणजे १७, अर्थात अमोनिया. ७४४ म्हणजे ४४, अर्थात कार्बन डायऑक्साइड.

या तीन-चार बेरजांत पर्यायांचे सगळे धोरण दिसते : सीएफसीत क्लोरीन दोन, एचसीएफसीत एक, एचएफसीत शून्य. एचसीएफसीमधल्या हायड्रोजनमुळे खालच्या वातावरणातले हायड्रॉक्सिल मूलक त्याला गाठून बरेचसे तिथेच मोडतात, म्हणून वर थोडाच पोचतो. सीएफसी-१२ वातावरणात सुमारे १०० वर्षे टिकतो, एचसीएफसी-२२ सुमारे १२ वर्षे. ओझोन-क्षय क्षमता मोजताना सीएफसी-११ ला १ मानतात. त्या मापाने सीएफसी-१२ चा आकडा १, एचसीएफसी-२२ चा ०.०५५ आणि एचएफसी-१३४ए चा शून्य.

शून्य! हिरवा शिक्का या शून्यावर उभा आहे. पण हे शून्य फक्त एका प्रश्नाचे उत्तर आहे.

शिक्क्यावर नसलेला आकडा

दुसरी एक मोजपट्टी आहे, तापमानवाढ क्षमतेची. शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडला १ मानले, तर मॉन्ट्रियल कराराच्या कोष्टकांप्रमाणे सीएफसी-१२ चा आकडा १०,९०० येतो. एचसीएफसी-२२ चा १,८१० आणि एचएफसी-१३४ए चा १,४३०. एअर कंडिशनरमध्ये आर-२२ च्या जागी आलेल्या आर-४१०ए या एचएफसी-मिश्रणाचा आकडा २,०८८ आहे. तो ज्याच्या जागी आला त्याच्यापेक्षाही जास्त.

याचे कारण कार्बन आणि फ्लोरीन यांच्या बंधात आहे. पृथ्वीवरून परत जाणाऱ्या अवरक्त उष्णतेचा काही भाग असा आहे, की जो पाण्याची वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड फारसा अडवत नाहीत. वातावरणाची ती उघडी खिडकी आहे. कार्बन-फ्लोरीन बंध नेमकी तीच उष्णता शोषतो आणि खिडकी लावून घेतो.

इथे शिक्षकांना ओळखीचा एक घोटाळाही दूर करता येईल. ‘ओझोनला भोक पडले, त्यातून ऊन जास्त आले, म्हणून पृथ्वी तापली,’ असे पुष्कळ मुले लिहितात. ते बरोबर नाही. ओझोनचा क्षय आणि तापमानवाढ या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांना जोडणारा एक धागा मात्र हे वायू आहेत : क्लोरीनमुळे ते ओझोन मोडतात आणि फ्लोरीनच्या बंधांमुळे उष्णता अडवतात. क्लोरीन काढल्याने पहिला दोष गेला, दुसरा राहिला.

मुलांना एक गणित घालावे. एका एसीत एक किलो आर-४१०ए आहे असे धरू. एसी दुरुस्त करताना किंवा भंगारात देताना तो हवेत सोडला, तर २,०८८ किलो, म्हणजे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. आता फ्रीजमधला आयसोब्युटेन घ्या. वजन ५० ग्रॅम आणि क्षमता सुमारे ३ धरली, तर उत्तर येते १५० ग्रॅम. या दोन उत्तरांमधले अंतर शिक्क्यावर कुठेच दिसत नाही. दोन्ही यंत्रे सारखीच ‘ओझोनस्नेही’.

एचसीएफसी आणि एचएफसी आणणारे सगळे लबाड होते, असे आमचे म्हणणे नाही. १९९० च्या आसपास घाई ओझोनची होती आणि ती रास्त होती. सीएफसी-१२ च्या तुलनेत १३४ए तापमानवाढीच्या बाबतीतही बराच सौम्य आहे. पुलाचे काम चालू असताना होडी लागतेच. चूक झाली ती होडीलाच पूल म्हणण्यात. २०१६ च्या ऑक्टोबरात रवांडातल्या किगाली शहरी मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती करून एचएफसी कमी करण्याचे ठरले, तेव्हा ती चूक जगाने अधिकृतपणे मान्य केली. मधल्या पंचवीस वर्षांत तीच यंत्रे जगभर खपली होती.

डॉर्टमुंडचा फ्रीज

यावर नेहमीचा बचाव असा, की त्या काळी दुसरे काही हाताशी नव्हते. हा बचाव मात्र टिकत नाही.

१९९२ साली जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या आरोग्यविज्ञान संस्थेत प्रोपेन आणि ब्युटेन यांच्या मिश्रणावर चालणारा फ्रीज तयार होता. पूर्व जर्मनीतला एक जुना सरकारी फ्रीज-कारखाना त्या वेळी बंद होण्याच्या वाटेवर होता. ग्रीनपीस या संघटनेने दोघांची गाठ घालून दिली, दहा नमुने बनवण्याचे पैसे दिले आणि हजारो लोकांकडून आगाऊ मागणी गोळा केली. प्रस्थापित उद्योगाने ‘हा फ्रीज पेट घेईल’ असा इशारा दिला. तरी १९९३ च्या मार्चमध्ये ‘ग्रीनफ्रीझ’ कारखान्याबाहेर पडला, आणि थोड्याच काळात ज्यांनी इशारे दिले होते तेही आयसोब्युटेनकडे वळले. ज्या कारखान्याने ही वाट पाडली, तो मात्र फोरॉन या नावाने १९९६ साली दिवाळखोरीत गेला.

पेट घेण्याची भीती खोटी आहे का? तसे म्हणणे शिक्षकाला शोभणार नाही. हायड्रोकार्बन पेटतात, म्हणूनच आपण त्यांच्यावर स्वयंपाक करतो. पण प्रमाण पाहावे. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण असते. फ्रीजमध्ये असतो सुमारे ५० ग्रॅम. एका सिलिंडरइतका वायू जमवायला २८० फ्रीज लागतील. सिलिंडर आणि शेगडी घरात नांदू शकतात, तर फ्रीजची भीती तेवढीच मोठी कशी?

या तुलनेलाही मर्यादा आहेत. सिलिंडरच्या वायूत उग्र वास मिसळलेला असतो, फ्रीजमधल्या वायूला तो नसतो. फ्रीज हे बंद कपाट आहे आणि त्यात ठिणगी पाडू शकणारी बटणे असतात. म्हणून विजेची जोडणी बंदिस्त करावी लागते. एसीत हा वायू फ्रीजच्या कितीतरी पट लागतो, त्यामुळे खोलीच्या आकारावरून तो किती भरायचा याचे नियम आहेत. ही सगळी अभियांत्रिकी करावी लागते. पण ती करता येते, हे १९९३ पासून दिसत आले आहे.

अमेरिकेने घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेनला परवानगी दिली ती २०११ च्या डिसेंबरात. याच देशाने १९७८ साली फवाऱ्यांच्या बहुतेक डब्यांतून सीएफसी हद्दपार केला होता. त्याच्या जागी डब्यांत मुख्यतः प्रोपेन-ब्युटेनच आले. न्हाणीघरातल्या केसांच्या फवाऱ्यात जो वायू चालला, तो फ्रीजच्या बंद नळीत चालायला तेहेतीस वर्षे गेली. या विलंबाचे कारण एकट्या रसायनशास्त्रात सापडत नाही. प्रोपेन आणि ब्युटेन स्वस्त आहेत, सर्वत्र मिळतात आणि त्यांच्या रेणूवर कोणाचा हक्क नाही. नव्या फ्लोरीनयुक्त शीतकाचे पेटंट घेता येते, कारखाना उभारता येतो आणि वीस वर्षे किंमत ठरवता येते.

भारताच्या वाट्याला काय आले

१९९० च्या लंडन बैठकीत भारताने ठाम भूमिका घेतली होती. मनेका गांधी तेव्हा पर्यावरण खात्याच्या राज्यमंत्री होत्या. थर विरळ केला तो प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या वापराने, तेव्हा बदलाचा खर्च आणि तंत्रज्ञान त्यांनी द्यावे, हे भारत-चीनसारख्या देशांचे म्हणणे होते. त्यातून बहुपक्षीय निधी उभा राहिला आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला. न्यायाच्या दृष्टीने ही मोठी कमाई होती.

पण पैसे मिळाल्यावर कोणता पर्याय घ्यायचा, हा प्रश्न उरलाच. जर्मन आणि स्विस साहाय्याने चाललेल्या ‘इकोफ्रिग’ प्रकल्पातून मुंबईच्या गोदरेज कंपनीने फ्रीजसाठी हायड्रोकार्बनची वाट धरली. आपल्याकडच्या इतर बहुतेक उत्पादकांनी १३४ए घेतला. आज मागे वळून पाहता पहिली वाट दूरदृष्टीची होती, कारण पुढे बाकीच्यांनाही आर-६००ए कडे यावे लागले. म्हणजे एकाच बदलासाठी दोनदा खर्च. २०१२ मध्ये गोदरेजनेच प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बाजारात आणले. तरीही आपल्याकडे एसीच्या बाजारात आर-४१०ए आणि त्यानंतर आर-३२ यांचेच वर्चस्व राहिले. आर-३२ ची तापमानवाढ क्षमता ६७५ आहे. ४१०ए पेक्षा ती पुष्कळ कमी, पण प्रोपेनच्या ३ पुढे अजूनही मोठी. आणि मौज अशी, की आर-३२ सुद्धा थोडासा पेटतोच.

हे आज महत्त्वाचे का? भारतात एसी घेणारी घरे आता झपाट्याने वाढत आहेत. भारताने २०२१ साली किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. तिच्या वेळापत्रकानुसार २०२८ पासून एचएफसीची वाढ थांबवायची, २०३२ पासून कपात सुरू करायची आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात गाठायची आहे. आज दहावीत असलेली मुले त्या वेळी चाळिशीजवळ असतील. त्यांच्या घरात कोणता वायू खेळणार, हे ठरवण्याचा काळ आत्ताच आहे.

भावाने धोरण ठरते तेव्हा

पर्यायांच्या कहाणीत दोन प्रसंग असे आहेत, की जे ओझोन दिनाच्या भाषणांत ऐकू येत नाहीत. एचसीएफसी-२२ बनवताना एचएफसी-२३ हा वायू आपोआप तयार होतो. त्याची तापमानवाढ क्षमता १४,८०० आहे. क्योटो करारातल्या एका योजनेखाली हा वायू जाळून टाकणाऱ्या कारखान्यांना कार्बनची पत मिळे. ती इतकी किफायतशीर झाली, की मुख्य मालापेक्षा कचरा जाळण्यात जास्त पैसा दिसू लागला. चीनमधल्या आणि भारतातल्या कारखान्यांनी या योजनेचा लाभ घेतला. अखेर युरोपीय संघाने २०१३ पासून ही पत स्वीकारणे थांबवले, आणि २०१६ साली भारताने आपल्या उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करायला सांगितले.

दुसरा प्रसंग २०१८ चा. बंदी असलेल्या सीएफसी-११ चे उत्सर्जन २०१२ नंतर पुन्हा वाढल्याचे हवेच्या मोजमापातून उघड झाले. २०१९ साली त्यातला मोठा वाटा पूर्व चीनकडून येत असल्याचे दिसले. फेस बनवण्यासाठी हा वायू चोरून वापरला जात होता. नंतर कारवाई झाली आणि २०२१ पर्यंत उत्सर्जन पुन्हा उतरल्याचे प्रसिद्ध झाले. कागदावर पर्याय आहे एवढ्याने भागत नाही, हवा मोजणारा कोणीतरी लागतो, हा या प्रसंगाचा धडा आहे.

चौथी पिढी आणि चौथा प्रश्न

आता एचएफओ नावाची नवी पिढी आली आहे. मोटारींच्या एसीत वापरला जाणारा एचएफओ-१२३४वायएफ घ्या. नव्वद मिळवा : १३२४. चार अंक आले की पहिला अंक दुहेरी बंधांची संख्या सांगतो. म्हणजे एक दुहेरी बंध, तीन कार्बन, दोन हायड्रोजन, चार फ्लोरीन. या दुहेरी बंधामुळे रेणू काही दिवसांतच मोडतो. ओझोनला धोका नाही आणि तापमानवाढ नगण्य. दोन्ही प्रश्न सुटले.

मग मोडल्यावर उरते काय? उरते ते ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल. ते पावसाबरोबर खाली येते, पाण्यात विरघळते आणि निसर्गात सहजासहजी मोडत नाही. सध्या आढळणाऱ्या प्रमाणात त्याचा धोका फार कमी असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञगटांचे मत आहे, आणि ते आम्ही हलके मानत नाही. पण ‘मोडत नाही आणि साठत जातो’ हे वर्णन आपण याआधी एकदा ऐकले आहे. तेव्हा सीएफसी हवेत साठत होता. या वेळी पाणी आहे.

मग खरा पर्याय कोणता?

आमच्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत समाधानकारक पर्याय फ्रीजमध्ये सापडत नाहीत. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सापडतात. डाख दिल्यावर पाटीवर राहिलेला चिकट अंश धुण्यासाठी तिथे सीएफसी-११३ वापरला जाई. बंदी आल्यावर काहींनी संत्रा-मोसंबीच्या सालीत असतात तशा टर्पीन तेलांनी धुऊन पाहिले. अमेरिकेतल्या ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीने १९९२ साली लिंबाच्या रसापासून बनवलेले, पाण्याने धुता येणारे डाखकामाचे द्रव्य आणले. आणखी काहींनी मुळातच विचारले, की हे धुवायचे तरी कशाला? चिकट अंश उरणारच नाही असे द्रव्य वापरले, तर धुण्याचे कामच संपते. सीएफसीला पर्याय शोधता शोधता गरजच नाहीशी झाली.

थंडाव्याच्या बाबतीत गरज संपणार नाही. लस, दूध, मासळी, रुग्णालये यांना थंडावा लागतोच. तिथे अमोनिया आजही बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत काम करतो आहे. विषारी आहे म्हणून त्याला प्रशिक्षित माणूस लागतो, पण ओझोन आणि तापमान या दोन्ही बाबतीत त्याचा आकडा शून्य आहे. मिजलीने ज्याला घरातून बाहेर काढले, तो योग्य जागी योग्यच होता. घरांच्या बाबतीत मात्र गरज कमी करता येते. भारत सरकारच्या २०१९ च्या शीतलीकरण कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणीच २० ते २५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे. सावली, आरपार वारा, छतावर पांढरा रंग, पश्चिमेच्या भिंतीची काळजी हेही ओझोनस्नेही पर्याय आहेत. त्यांच्यावर शिक्का नसतो, म्हणून ते आपल्या तक्त्यात येत नाहीत. शिवाय यंत्र जितके कमी चालेल तितकी वीज वाचते, आणि विजेच्या कोळशाचा हिशेब वरच्या कोणत्याच आकड्यात धरलेला नाही.

तक्त्यात न येणारा आणखी एक जण म्हणजे मेकॅनिक. ‘गॅस गेला, भरून घ्या’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या हातात या साऱ्या करारांचे शेवटचे टोक आहे. जुना वायू हवेत सोडायचा की बाटलीत भरून घ्यायचा, पेटणारा वायू असलेल्या फ्रीजजवळ डाखकामाची ज्योत कधी पेटवायची, हे त्याला कोणी शिकवले आहे का? वरच्या आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे म्हटले होते, ते याच कारणासाठी. चांगल्यात चांगला पर्यायही अर्धवट शिकलेल्या हातात धोक्याचा ठरतो.

तेव्हा येत्या १६ सप्टेंबरला चित्र जरूर काढावे. त्याबरोबर मुलांना एक काम द्यावे. घरच्या, शेजारच्या, दुकानातल्या फ्रीज-एसीची पाटी वाचून वायूचे नाव आणि वजन लिहून आणायचे. यंत्र उघडायचे नाही, पाटी फक्त वाचायची. वर्गात नव्वद मिळवून रेणू ओळखायचा, वजनाला तापमानवाढ क्षमतेने गुणायचे आणि प्रत्येक वायूला चार प्रश्न विचारायचे : घरातल्या माणसाला तू काय करतोस? ओझोनला काय करतोस? तापमानाला काय करतोस? आणि मोडल्यावर मागे काय ठेवतोस? चारही प्रश्नांना निर्दोष उत्तर देणारा वायू बहुधा मिळणार नाही. प्रोपेन पहिल्या प्रश्नाला अडखळेल, अमोनियाही. त्यांचा दोष निदान खोलीतच दिसतो आणि काळजी घेऊन आवरता येतो. १३४ए चा दोष पुढच्या पिढीच्या खात्यावर जातो. यातला कोणता दोष पत्करायचा, यावर वर्गाला भांडू द्यावे.

आणि भाषणाचे शेवटचे वाक्य थोडे बदलावे : ‘सीएफसीच्या जागी जगाने दुसरे वायू आणले आहेत, ते किती सुरक्षित आहेत, हे आम्ही तपासत आहोत.’ टाळ्या कदाचित थोड्या कमी पडतील.